ज्या डॉक्टरने शुगरच्या पेशंटला औषधाआधी वर्गात बसवलं

शुगर निघाली की पहिले पंधरा दिवस चहा बिनसाखरेचा होतो. मग लग्नसराई येते आणि गोळी चालूच आहे ना, म्हणत श्रीखंडाची वाटी पुढे सरकते. डॉक्टर रागावतात, पेशंट मान डोलावतो. पुढचा रिपोर्ट पुन्हा तसाच.

या नुसत्या मान डोलावण्यावर इलाज शोधण्यात एका अमेरिकन डॉक्टरने जवळजवळ सगळं आयुष्य घालवलं. नाव इलियट जोस्लिन.

जन्म १८६९ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड गावचा. हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकताना, १८९३ मध्ये, त्यांनी डायबेटिस झालेल्या एका तरुण मुलीची नोंद वहीत केली. त्या नोंदी मग आयुष्यभर वाढत गेल्या. पुढे त्यात त्यांच्या आईचंही नाव आलं.

तेव्हा इन्सुलिन नव्हतं. उपाय एकच, खाणं तोडायचं. तेही जवळपास उपासमार होईपर्यंत. फ्रेडरिक अ‍ॅलन या डॉक्टरची ही पद्धत जोस्लिन यांनीही वापरली. ती क्रूर होती यात वाद नाही. मुलं हाडाचा सापळा होऊन थोडे दिवस जास्त जगायची, इतकंच. पण त्यातून जोस्लिन यांना एक गोष्ट पक्की कळली. डॉक्टर भेटतो काही मिनिटं, ताटावर मात्र पेशंट एकटाच बसतो. मग आजाराची माहिती त्यालाच नको का? १९१८ मध्ये त्यांनी डायबेटिसवर पुस्तक काढलं, ते डॉक्टर आणि पेशंट या दोघांसाठी.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं. ऑगस्ट १९२२ मध्ये जोस्लिन यांनी ते पहिल्यांदा एका पेशंटला दिलं. आता आजार संपला असं अनेकांना वाटलं. जोस्लिन यांच्या लेखी खरं काम आता सुरू झालं होतं.

कारण हे औषध रोज टोचायचं, तेही घरी, स्वतःच्या हाताने. काचेची सिरिंज उकळायची. जेवण तराजूवर तोलायचं. लघवीचे थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात टाकून तापवायचे. रंग निळाच राहिला तर उत्तम. हिरवा, पिवळा होत विटकरीवर गेला तर साखर भरपूर. इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं, तर साखर इतकी उतरायची की माणूस बेशुद्ध पडायचा. एवढं सगळं एका चिठ्ठीवर लिहून कसं जमणार?

म्हणून बॉस्टनमध्ये पेशंटचे वर्ग भरू लागले. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे एकाच रथाचे तीन घोडे, असं चित्र ते पेशंटसमोर ठेवत. पायाची छोटी जखम पुढे पाय कापण्यापर्यंत जाते, म्हणून पाय रोज कसे तपासायचे हेही शिकवलं जाई. शिकवण्याचा मोठा भार नर्सवर होता. त्या पेशंटच्या घरी जात, स्वयंपाकघर बघत, तिथेच शिकवत. जोस्लिन यांचं नाव मोठं झालं, पण सवयी बदलण्याचं बरंचसं काम या बायकांनी केलं.

ज्यांनी वर्षानुवर्षं आजार नीट सांभाळला, त्यांना जोस्लिन यांनी चक्क पदकं द्यायला सुरुवात केली.

याची दुसरी बाजूही आहे. ते शिस्तीचे कट्टर होते. अशा पद्धतीत साखर वाढली की पेशंटला आपणच गुन्हेगार असल्यासारखं वाटू शकतं, ही टीका झाली आणि ती खोटी नाही. शिवाय साखर इतकी काटेकोर ठेवून खरंच फायदा होतो का, यावर डॉक्टरांमध्येच भांडण होतं. पेशंटला हवं ते खाऊ द्या, म्हणणारेही होते.

१९६२ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी जोस्लिन गेले, तेव्हा हा वाद मिटला नव्हता. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ टाइप १ पेशंटवरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. काटेकोर साखर ठेवणाऱ्या गटात डोळे, किडनी आणि नसांचं नुकसान बरंच कमी झालं होतं. त्या गटातल्या पेशंटना दर महिन्याला दवाखान्यात बोलावलं जाई, आणि मधल्या दिवसांत फोनही जात.