गाडगेबाबांचे दान

दारात कोणी हात पसरला की आपल्या मंडळात दोन तट पडतात. धडधाकट माणसाला पैसा देणे म्हणजे त्याला आळशी करणे, असे एक तट म्हणतो. दारचा माणूस विन्मुख जाता कामा नये, असे दुसरा. या वेळी हा वाद निघाला तेव्हा मला गाडगेबाबा आठवले, कारण ते स्वतः भाकरी मागून खात आणि हजारोंना जेवू घालीत.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट कुटुंबात. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन दापुऱ्याला माहेरी राहिली. तेथे डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला, मामांची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिली. १९०५ साली ते घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि फुटके गाडगे.

गावात शिरले की आधी झाडू. रस्ता झाडून झाला की मग एखाद्या दारी भाकरी मागायची, शिळीही चाले. रात्री कीर्तन. म्हणजे मागणे होते, पण श्रमानंतरचे. फुकट खाऊ नये हा दंडक त्यांनी आधी स्वतःला लावला.

आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना मात्र तो लावला नाही. पूर्णेकाठी ऋणमोचनाला पौषात यात्रा भरते. तेथे त्यांनी घाट बांधवला आणि अपंग-अनाथांना अन्नवस्त्र वाटण्याचा परिपाठ घातला. पंगत बसे, वाढणारे वाढीत. चालता चालता पैसा टाकून पुढे जाण्याची आपली रीत जरा आठवून पाहा!

शहरातले दुःख निराळे. खेड्यातली बाई आजारी नवऱ्याला घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात येते. रोग्याला खाट मिळते. तिने कोठे जायचे? ती फुटपाथवर पथारी टाकते, आठ दिवसांत गाठीचे पैसे सरतात, आणि येणारा-जाणारा तिला भिकारीण समजू लागतो. तिला चार नाणी देऊन काय होणार? बाबांनी जे. जे. इस्पितळाजवळ धर्मशाळा उभारली. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथेही उभारल्या. त्यांतली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्यांच्या मागून दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली. टाटा इस्पितळात कर्करोगावर उपचार घेणारे गरीब रोगी आणि त्यांचे नातलग तेथे उतरतात.

एक गोष्ट मला बोचते. एवढ्या इमारती उठल्या, पण पत्नी कुंताबाईंना त्यांत जागा नव्हती. त्या झोपडीतच राहिल्या. १९२३ साली मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली तेव्हा बाबा कीर्तनात होते, आणि कीर्तन थांबले नाही. चरित्रकार हे कौतुकाने लिहितात. मला त्या जागी कुंताबाई दिसतात. लोकांच्या देणगीतली दमडीही आप्तांना मिळू नये हा नियम थोर खराच; त्याची किंमत कोणी भरली हे निदान आपण बायकांनी तरी लिहून ठेवावे.

२० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. आपले मंदिर करू नये, मूर्ती बसवू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते. अमरावतीला त्यांची समाधी बांधलेली आहे.