मक्याच्या दाण्यावरचे ठिपके : बार्बरा मॅक्लिंटॉक

ज्वारीची ओळख नांदेड-लातूरकडच्या माणसाला करून द्यावी लागत नाही. मका हा तिचाच चुलतभाऊ. दोन्ही गवताच्या कुळातली. पेशीत जनुके धारण करणारे जे धागे असतात त्यांना गुणसूत्रे म्हणतात, आणि ज्वारी व मका या दोघांतही त्यांच्या दहाच जोड्या आहेत. तरीही मक्याचा डीएनए ज्वारीच्या तिप्पट भरतो. डीएनएचा मजकूर अक्षरांत मोजला तर ज्वारीत सुमारे ७३ कोटी अक्षरे, मक्यात सुमारे २३० कोटी! हा जादा मजकूर आला कोठून? या कोड्याच्या उत्तराची वाट ज्या विदुषीने प्रथम दाखविली, तिचा हा अल्प परिचय.

बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. मुलगी फार शिकली तर तिचे लग्न जमणार नाही, ही आपल्याकडची चिंता त्यांच्या आईलाही होती. वडिलांनी मात्र पाठिंबा दिला आणि १९१९ साली बार्बरा कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाल्या. १९२७ मध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. लग्न त्यांनी केले नाही. संसार मांडला तो मक्याशी.

सूक्ष्मदर्शकाखाली मक्याची दहाही गुणसूत्रे त्यांनी एकेक करून ओळखली. सर्वांत लांब ते पहिले, सर्वांत आखूड ते दहावे, असा क्रम १९२९ मध्ये लावून दिला. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन या सहकारिणीसह त्यांनी सिद्ध केले की, गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही प्रत्यक्ष बदलले जातात.

१९४१ मध्ये त्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधनकेंद्रात आल्या. तेथे स्वतः मका पेरावा, परागीकरण करावे आणि कणसे निरखावीत, असा त्यांचा क्रम होता. काही दाण्यांवर रंगाचे ठिपके दिसत. त्यांचा माग काढता काढता बाईंना उमगले की, गुणसूत्रावरील काही घटक आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. असा घटक रंगाच्या जनुकात शिरला की दाणा फिका पडतो. दाणा वाढत असताना तो तेथून निघाला की त्या पेशीच्या वंशात रंग परततो आणि ठिपका उमटतो.

१९५१ साली त्यांनी हे विद्वत्सभेत मांडले. परंतु जनुके माळेतल्या मण्यांप्रमाणे जागच्या जागी असतात, असे मानणाऱ्या श्रोत्यांच्या ते पचनी पडले नाही. १९५३ नंतर बाईंनी या विषयावर सविस्तर प्रसिद्ध करणे जवळजवळ थांबविले. काम मात्र थांबविले नाही. पुढे जिवाणूंतही असेच फिरते घटक सापडले, तेव्हा जगाला त्यांची आठवण झाली. १९८३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकटीला मिळाले. तेव्हा त्यांचे वय ८१ होते. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्या निवर्तल्या.

२००९ मध्ये ज्वारी आणि मका या दोघांचाही डीएनए वाचून झाला, तेव्हा बाईंच्या शोधाचा खरा आवाका कळला. या फिरत्या घटकांचे काही भाईबंद मूळ जागा न सोडता आपली नक्कल दुसरीकडे चिकटवतात. नकलांच्या नकला होत जातात आणि गुणसूत्र लांबत जाते. मक्याचा सुमारे ८५ टक्के डीएनए अशा घटकांनी व्यापला आहे. ज्वारीतही ते आहेत, पण बरेच कमी. दोन भावंडांच्या आकारातील तफावतीचे हे मोठे कारण होय.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. गुणसूत्रांशी आपला संबंध क्वचितच येतो. परंतु सर्वांनी मान फिरविली तरी डोळ्यांना जे दिसले त्यावरचा विश्वास ढळू न देणे, हा धडा कोणत्याही शाखेचा आहे. त्या तीस वर्षांत बाईंनी कोणाशी भांडण मांडले नाही. दर हंगामाला त्या मका पेरीत राहिल्या.