हाखामांचा मुलगा : प्रा. मिखाएल बर्नाइस

सिग्मंड फ्रॉइडचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्याची पत्नी मार्था ही माहेरची बर्नाइस. तिचे आजोबा हाम्बुर्ग शहराचे मुख्य धर्मगुरू होते आणि तिचे दोन काका, याकोब व मिखाएल, जर्मनीत नाणावलेले पंडित. त्यांपैकी मिखाएल यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत, परंतु थोरल्या भावाला वगळून ते सांगताच येत नाही.

वडील इसाक बर्नाइस १८२१ साली हाम्बुर्गचे धर्मगुरू झाले. तेथे तीन वर्षांपूर्वीच सुधारकांनी आपले निराळे मंदिर उघडले होते. त्या मंडळींपासून आपण वेगळे दिसावे म्हणून इसाक यांनी रब्बीऐवजी सेफार्दी लोकांची हाखाम ही पदवी घेतली. आपल्या समाजात हा शब्द परका नाही. गृहस्थ कडवे सनातनी, पण जर्मन भाषेत प्रवचन करीत. तालमूद तोरा शाळेत त्यांनी जर्मन भाषा, इतिहास, भूगोल असे विषय आणले. म्हणजे घरात तोराही होती आणि जर्मन पुस्तकेही होती.

मिखाएल यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८३४ चा. वडील १८४९ साली वारले तेव्हा हा मुलगा चौदा वर्षांचा होता. पुढे बॉनला कायद्याचा अभ्यास सुरू केला, पण मन रमले साहित्यात. मग बॉन व हायडेलबर्ग येथे तोच विषय धरला. १८५६ साली, वयाच्या विशी-बाविशीत, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हाखामांच्या घरात हे घडले! थोरले याकोब ग्रीक-लॅटिनचे थोर विद्वान. ॲरिस्टॉटलवरील त्यांचा निबंध आजही वाचला जातो. ते शब्बाथ व कोशेर काटेकोर पाळीत. त्यांनी धाकट्या भावाशी संबंध तोडले. त्या काळी प्रशियात यहुदी माणसाला पूर्ण प्राध्यापकाची जागा बाप्तिस्म्यावाचून मिळणे जवळजवळ अशक्यच होते. याकोब यांनी धर्म सोडला नाही. १८५४ पासून ब्रेस्लाऊच्या यहुदी धर्मशिक्षण विद्यालयात शिकवले. १८६६ मध्ये बॉनला परतले ते ग्रंथपाल व दुय्यम दर्जाचे प्राध्यापक म्हणून, आणि १८८१ साली मरेपर्यंत त्याच दर्जावर राहिले.

मिखाएल यांनी केवळ जागेसाठी धर्म सोडला असे आम्ही म्हणणार नाही. जागा मिळायला त्यांनाही सतरा वर्षे लागली. मधल्या काळात त्यांनी सार्वजनिक व्याख्याने दिली आणि आपले संशोधन केले.

ते संशोधन मात्र मोठे मनोरंजक आहे. गटेच्या तरुणपणी बर्लिनच्या हिम्बुर्ग नावाच्या प्रकाशकाने त्याची पुस्तके परवानगीवाचून छापून विकली. त्यात छपाईच्या चुका भरपूर. पुढे गटेने आपले ग्रंथ एकत्र छापायला काढले तेव्हा सुधारणा करण्यासाठी हाताशी धरली ती हीच चोरटी आवृत्ती! छापखान्यातल्या चुका कवीच्याच शब्द म्हणून पुढील सर्व आवृत्त्यांत उतरत गेल्या. मिखाएल यांनी जुन्या प्रती शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडला आणि १८६६ च्या पुस्तकात हे सिद्ध करून दाखविले. ज्यांनी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या त्यांना ही युक्ती लगेच पटेल. कोणी कोणाचे पाहून लिहिले हे आम्ही बरोबर उत्तरांवरून कधीच ओळखले नाही, सारख्या चुकांवरूनच ओळखले. ग्रीक ग्रंथांना जी पारख लावतात ती कालपरवाच्या जर्मन कवीलाही लावावी, हा त्यांचा आग्रह. वायमार येथे १८८७ ते १९१९ या काळात गटेचे समग्र ग्रंथ १४३ खंडांत निघाले, त्या कामाची वाट या छोट्या पुस्तकाने सोपी केली. श्लेगेलने शेक्सपिअरची जर्मन भाषांतरे कशी केली हे मूळ हस्तलिखितांवरून त्यांनी १८७२ मध्ये लिहिले, तेही याच पद्धतीने.

१८७३ साली म्युनिक विद्यापीठाचे बोलावणे आले आणि १८७४ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले. अर्वाचीन जर्मन साहित्यासाठी अशी जागा ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती. पांडित्य म्हणजे जुनी भाषा आणि व्याकरण, अशीच समजूत असे. स्मरणशक्ती इतकी दांडगी की होमर, शेक्सपिअर, गटे यांची पानेच्या पाने हातात कागद न घेता म्हणत. त्यांचेच विद्यार्थी फ्रान्झ मुंकर पुढे त्यांच्या जागी आले.

१८९० मध्ये नोकरी सोडून ते कार्ल्सरूहेला राहावयास गेले व २५ फेब्रुवारी १८९७ रोजी तेथेच वारले. त्यांचा सावत्र मुलगा हेरमान उडे-बर्नाइस कलेचा इतिहासकार म्हणून पुढे प्रसिद्धीस आला.

दोघांत कोण मोठा? विद्येत आम्ही निवाडा करू शकत नाही. पण १९३३ च्या कायद्याने जर्मनीतील सरकारी नोकरांचे आजी-आजोबा तपासले, आणि बाप्तिस्म्याचा दाखला त्यापुढे चालला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांचा विचार मनात येतो तेव्हा आमचा कल याकोब यांच्याकडे जातो, हे कबूल करतो.

आता मार्थाविषयी राहिलेले सांगतो. ती धार्मिक घरात वाढली, पण फ्रॉइडला शुक्रवारचे दिवे घरात चालत नसत. त्रेपन्न वर्षे संसार झाला. १९३९ साली लंडनमध्ये फ्रॉइड वारला, आणि त्यानंतर तिने पुन्हा शब्बाथचे दिवे लावायला सुरुवात केली, असे त्याचे चरित्रकार सांगतात.