पंडिता रमाबाई आणि अमेरिका

जोयड्याच्या दक्षिणेस, याच सह्याद्रीच्या रांगेत, गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई डोंगरे यांचा जन्म झाला. आईपाशी संस्कृत शिकलेली ही कन्या १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ ठरली. वैधव्यानंतर १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास म्हणून १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि सुमारे पावणेतीन वर्षे अमेरिकेत हिंडल्या.

त्या देशावरील त्यांचा मराठी ग्रंथ १८८९ मध्ये निघाला. प्रवासवर्णनाहून तो लोकस्थितीचा इतिहासच अधिक. राजाविना चालणारे राज्य आणि स्त्रियांना खुली झालेली महाविद्यालये त्यांनी मनापासून वाखाणली; परंतु तेथील मूळ रहिवाशांची लूट आणि कृष्णवर्णीयांवरील जुलूम झाकला नाही. नवख्रिस्ती लेखिकेने ख्रिस्ती राष्ट्राविषयी असे लिहावे, हे धैर्यच.

खरी कसोटी मायदेशी लागली. बोस्टनच्या मंडळाने विधवांच्या शाळेस द्रव्य दिले, ते धर्मप्रसार न करण्याच्या बोलीवर. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, पुढे पुण्यास आले. काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बाईंनी सक्ती केली नव्हती. तथापि गुरूच्या प्रार्थनेचे उघडे दारही शिष्यांना ओढतेच, ही शंका पोकळ नव्हती.

पुढे केडगावच्या ‘मुक्ति’त धर्माचा पडदा उरला नाही. १९०५ मध्ये तेथे धर्मजागृतीची लाट उसळली. बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरात मग्न असलेल्या बाई ५ एप्रिल १९२२ रोजी तेथेच निवर्तल्या.