उघडे दार

इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्यात, सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, अनंतशास्त्री डोंगरे यांच्या आश्रमात रमाबाईंचा जन्म झाला. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक होता. शास्त्रीबोवांनी तो मोडून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना देवभाषा शिकविली, आणि लक्ष्मीबाईंनी ती मुलीला दिली. पुराणे सांगत, तीर्थामागून तीर्थ करीत हे कुटुंब देशभर हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांना गाठले. आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास अशी दोघेच उरली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची विद्वत्ता पारखून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण दोनच वर्षांत भाऊ निवर्तला. पुढे बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी विवाह झाला. १८८२ च्या प्रारंभी पटकीने तेही गेले. तेव्हा कन्या मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या आणि १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथील ख्रिस्ती भगिनी जवळ करतात, हे पाहून त्यांचे मन हेलावले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज या गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता महाराष्ट्रात येताच एकच गहजब उडाला. कालपर्यंत त्यांचा गौरव करणाऱ्यांनी पाठ फिरविली.

परंतु नव्या धर्मबांधवांसमोरही त्यांनी मान तुकविली नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी मांसाहार केला नाही. चेल्टनहॅम येथे त्या तरुण पुरुषांना शिकविणार असे कळल्यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने पुरुषांनी भरलेल्या सभांत प्रवचने केली होती, तिला हे बंधन कसे मानवावे! श्रद्धा आपण ईश्वरावर ठेवली आहे, विवेकबुद्धी मात्र कोणाच्या हाती दिलेली नाही, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती.

अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. बालविधवांना तेथे आसरा व विद्या मिळे. कोणाला धर्म शिकवायचा नाही, असे ठरले होते. रमाबाई मात्र आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचीत, प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. एखाद दुसरी मुलगी आत येऊन बसू लागली. आलेलीला त्यांनी घालवून दिले नाही. १८९३ साली यावरून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनी संस्थेशी संबंध सोडला. त्यांची चिंता खोटी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. मुली विश्वासाने पाठविलेल्या होत्या. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. ते एक दार लावून घेतले असते, तर कदाचित सारे निभावले असते. रमाबाईंनी ते लावले नाही. ज्या श्रद्धेसाठी सगळे सोडले, ती स्वतःच्या घरात चोरून पाळणे त्यांना मान्य नव्हते.

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणी सांगावयास नको होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे थैमान. शहरात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभारल्या गेल्या. तेच मुक्ती सदन. याच सुमारास सरकारी प्लेग-रुग्णालयात स्त्रियांचे कसे हाल होतात, हे त्यांनी वृत्तपत्रातून उघड लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून लेखणी अडली नाही. पार्लमेंटातही त्याचा बभ्रा झाला. १९०० च्या गुजरात-दुष्काळानंतर सदनातील माणसे दोन हजारांच्या घरात गेली. त्या सर्वांच्या पोटाची काळजी त्यांच्या माथी होती.

अशा धबडग्यात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृताने थक्क करणाऱ्या या विदुषीने जड संस्कृत शब्द हेतुपुरस्सर टाळले. शेतावरल्या बायकांना वाचता यावे, एवढीच कसोटी ठेवली. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे केडगावच्या छापखान्यात सदनातील स्त्रिया करीत. १९२१ साली मनोरमा गेली. त्यानंतरही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. एके काळी दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या हातून तो ग्रंथ १९२४ साली पूर्ण छापून बाहेर पडला.