बिनटपाच्या मोटारींचा बादशहा

१९५६ साली उत्तर कॅरोलिनातील ॲशव्हिल-वीव्हरव्हिलच्या छोट्या ट्रॅकवर टप नसलेल्या मोटारींची शर्यत रंगात आली होती. धडकाधडकीत एकेक मोटार बाद होत गेली आणि ठरलेल्या दोनशे फेऱ्या पूर्ण होण्याआधीच धावण्याजोगी एकच मोटार उरली. ती कर्टिस टर्नरची होती. प्रतिस्पर्धीच शिल्लक नाही, म्हटल्यावर संयोजकांनी शर्यत थांबवून त्याला विजयी घोषित केले.

टर्नरचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी व्हर्जिनियातील फ्लॉइड या डोंगराळ मुलखात झाला. या भागात हातभट्टीची दारू रातोरात शहरांकडे पोहोचवणे हा अनेकांचा जोडधंदा होता आणि पोलिसांना चुकवत वळणावळणांच्या रस्त्यांवर मोटार पळवण्याची विद्या टर्नरही त्यातच शिकला. त्याचा उघड व्यवसाय मात्र इमारती लाकडाचा. जंगलांच्या खरेदी-विक्रीत त्याने अनेकदा प्रचंड पैसा मिळवला आणि तितक्याच सहजतेने तो घालवला.

अमेरिकेत बाजारात मिळणाऱ्या मोटारींच्या नमुन्यावर बेतलेल्या गाड्यांच्या शर्यतींना ‘स्टॉक कार’ शर्यती म्हणतात. त्यांची मुख्य संघटना ‘नॅसकार’ बिल फ्रान्स याने १९४८ मध्ये उभी केली. १९५६ मध्ये त्याने उघड्या मोटारींसाठी ‘कन्व्हर्टिबल डिव्हिजन’ ही स्वतंत्र मालिका सुरू केली. तिचे आकर्षण साधे होते. बंद मोटारीत चालक प्रेक्षकाला जेमतेम दिसतो. इथे मात्र चक्राशी चाललेली त्याची झटापट उघड्या डोळ्यांनी पाहता येई. टर्नरसारख्या चालकासाठी तर हे रंगमंचच होते. मातीच्या ट्रॅकवर मोटार आडवी घसरवत वळण घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि पुढच्या मोटारीला धक्का देऊन वाट काढण्यात त्याला संकोचही नव्हता.

पहिल्याच हंगामात त्याने २२ शर्यती जिंकल्या. मालिकेचे अजिंक्यपद मात्र बॉब वेलबॉर्नला मिळाले आणि पुढची दोन वर्षेही ते वेलबॉर्नकडेच राहिले. अजिंक्यपद गुणांच्या बेरजेवर ठरे. मोटार सांभाळून नियमितपणे शेवटपर्यंत नेणाऱ्याला ती बेरीज साधे. टर्नरला पहिला क्रमांक किंवा मोडकी मोटार, यांच्या मधले काही ठाऊकच नसावे.

मालिकेचे आयुष्य चारच हंगामांचे ठरले. टप काढता-घालता येईल अशा मोटारी बनवून अनेक जण दोन्ही प्रकारच्या शर्यतींत उतरू लागले. पण १९५९ मध्ये डेटोनाचा अडीच मैलांचा नवा ट्रॅक खुला झाला आणि हवेच्या रोधामुळे उघड्या मोटारी बंद मोटारींपुढे किती मंद पडतात, हे सर्वांना दिसले. त्याच वर्षाअखेर मालिका बंद झाली. डार्लिंग्टनची वार्षिक ‘रिबेल ३००’ शर्यत तेवढी १९६२ पर्यंत उघड्या मोटारींची राहिली. १९५८ मध्ये ती टर्नरने जिंकली होती. १९६१ मध्ये मात्र अखेरच्या फेऱ्यांत तरुण फ्रेड लॉरेन्झनने, भिंतीच्या बाजूने जाण्याची हूल देत, आतल्या बाजूने त्याला मागे टाकले.

तोवर टर्नर एका वेगळ्याच संकटात सापडला होता. ब्रूटन स्मिथ याच्या भागीदारीत त्याने शार्लटजवळ दीड मैलाचा ट्रॅक बांधायला घेतला. जमिनीखाली ग्रॅनाइट लागला, खर्च अंदाजाबाहेर गेला आणि जून १९६० मधील पहिल्या ‘वर्ल्ड ६००’ शर्यतीत कच्चा राहिलेला पृष्ठभाग उखडू लागला. ती शर्यत जो ली जॉन्सनने जिंकली. उघड्या मोटारींच्या मालिकेचा तो शेवटचा अजिंक्यवीर. पुढच्या वर्षी कर्जबाजारी कंपनीतून टर्नरलाच बाहेर पडावे लागले.

ट्रॅक परत मिळवण्यासाठी त्याने ट्रकचालकांच्या बलाढ्य ‘टीमस्टर्स’ संघटनेकडे कर्ज मागितले. अट अशी, की त्याने शर्यतीच्या चालकांची कामगार संघटना उभारावी. चालकांना तुटपुंजी बक्षिसे मिळत आणि अपघातात आधार नसे, हे खरेच होते. पण या मागणीमागे टर्नरची स्वतःची निकड होती, हेही तितकेच खरे. ऑगस्ट १९६१ मध्ये बिल फ्रान्सने त्याच्यावर आणि टिम फ्लॉक या चालकावर आजन्म बंदी घातली. कर्जही मिळाले नाही. ऐन उमेदीची चार वर्षे वाया गेली.

१९६४ मध्ये जो वेदरली आणि फायरबॉल रॉबर्ट्‌स हे दोन लोकप्रिय चालक शर्यतींतील अपघातांत बळी पडले. पुढच्या वर्षी क्रायस्लर कंपनीने बहिष्कार टाकला. प्रेक्षक रोडावले, ट्रॅकमालकांनी तगादा लावला आणि फ्रान्सला बंदी उठवावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉकिंगहॅमच्या नव्या ट्रॅकवरील पहिली ५०० मैलांची शर्यत ४१ वर्षांच्या टर्नरने बरगड्यांना दुखापत झालेली असताना जिंकली.

४ ऑक्टोबर १९७० रोजी पेनसिल्व्हेनियात त्याचे खासगी विमान कोसळले आणि त्यात त्याचा अंत झाला. नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड २०१६ च्या तुकडीत झाली. ही वास्तू शार्लट शहरातच आहे. त्याच तुकडीत ब्रूटन स्मिथही होता.