नोंद नसलेला सामना

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. जे वहीत नाही ते घडलेच नाही, असे त्याला वाटू लागते. संध्याकाळी रोकड जुळली, व्हाउचरे आणि लेजर यांचा मेळ बसला की दिवस संपला. नाही बसला तर दहा पैशांसाठीही रात्रीचे नऊ वाजत. पुढे संगणक आले, लेजरे माळ्यावर गेली, पण खोड काही गेली नाही. कादंबरीतल्या पात्रांचाही मी हिशेब ठेवतो, असे घरचे म्हणतात. असो.

म्हणूनच की काय, ज्याची नोंद कुठल्याच वहीत झाली नव्हती अशा एका सामन्याने मला सध्या पछाडले आहे. तो झाला १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी अकरा वाजता, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, डरहॅम या गावी. खेळ बास्केटबॉलचा. माझी नात शाळेच्या संघात हा खेळ खेळते. तिला सोडायला-आणायला जाऊ लागलो, मैदानाच्या कडेला बसून कंटाळलो, म्हणून या खेळाची माहिती काढू लागलो आणि त्या वाटेवर जॉन मॅक्लेंडन हा माणूस भेटला. बास्केटबॉलच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. आपल्याकडे ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

जॉनचा जन्म ५ एप्रिल १९१५ चा, कॅन्सस राज्यातल्या हायवाथा गावचा. घर कृष्णवर्णीयांचे. आईकडून मूळच्या अमेरिकन आदिवासींचे रक्त आलेले. १९१८ साली इन्फ्लूएंझाची जी साथ आपल्याकडेही घरेच्या घरे ओस पाडून गेली, त्याच साथीत जॉनची आई गेली. तो तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. भावंडांची ताटातूट झाली, मुले नातलगांकडे वाटली गेली. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले, कॅन्सस सिटीत बस्तान बसवले आणि जॉन तिथे शाळेत जाऊ लागला. शाळेच्या व्यायामशाळेत त्याने बास्केटबॉल पाहिला आणि आपण याच खेळाचे प्रशिक्षक व्हायचे, हे त्याच्या मनाने घेतले.

१९३३ साली तो कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला. तिथे डॉ. जेम्स नेस्मिथ शिकवत होते. हे तेच नेस्मिथ, ज्यांनी १८९१ च्या हिवाळ्यात पीचच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला टांगून बास्केटबॉल हा खेळ जन्माला घातला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. वडिलांनी जॉनला बजावून पाठवले होते, की त्या गृहस्थांनाच गाठ आणि त्यांनाच तुझे मार्गदर्शक कर. पोरगा सरळ नेस्मिथ यांच्या खोलीत गेला आणि तुम्ही माझे मार्गदर्शक आहात, असे त्यांनाच सांगून मोकळा झाला. हे कुणी ठरवले, असे त्यांनी विचारले. वडिलांनी, असे तो म्हणाला. वडील सांगतात ते बरोबरच असते, असे म्हणून त्या भल्या माणसाने त्याला पदरात घेतले.

पण गुरू मिळाला म्हणून दार उघडले, असे नव्हे. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीय मुलांना जागा नव्हती. खेळ ज्याने शोधला त्याच्या हाताखाली तो शिकायचा आणि खेळायचे मात्र नाही! पोहण्याच्या तलावाची कथाही तीच. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे आवश्यक, परंतु कृष्णवर्णीयांना त्यातून सूट असे. ही सूट म्हणजे त्यांना पाण्यात उतरू न देण्याची सोय होती. जॉनने ती नाकारली आणि तो तलावात उतरला. त्यानंतर तलावातले सारे पाणी सोडून देण्यात आले. चवदार तळ्याचा इतिहास शाळेपासून वाचत आलेल्या मराठी माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जॉन मागे हटला नाही, नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिले आणि अखेर तलाव त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी खुला झाला. १९३६ मध्ये त्याने पदवी मिळवली. त्या विद्यापीठात शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी.

आयोवा विद्यापीठातून पुढची पदवी घेऊन मॅक्लेंडन १९३७ साली डरहॅमला आले. कृष्णवर्णीयांसाठी काढलेले, बेताच्या ऐपतीचे ते कॉलेज. आधी साहाय्यक आणि १९४० पासून मुख्य प्रशिक्षक, असा त्यांचा प्रवास झाला. तेव्हाचा बास्केटबॉल संथ होता. प्रत्येक बास्केट झाली की चेंडू मैदानाच्या मध्यावर न्यायचा, पुन्हा उंच उडवायचा, पुन्हा डाव मांडायचा. १९३७ च्या सुमारास हा नियम गेला. नियम बदलला तरी माणसांच्या सवयी लगेच बदलत नाहीत. बहुतेक प्रशिक्षक जुन्याच चालीने, दम खात खेळवत राहिले. मॅक्लेंडन यांनी मात्र ओळखले, की आता सगळे मैदान मोकळे झाले आहे. चेंडू हाती आला, की समोरचा संघ सावरायच्या आत दुसरे टोक गाठायचे. चेंडू गेला, तर मागे पळत यायचे नाही, समोरच्याला त्याच्याच टोकाला घेरायचे. यालाच पुढे फास्ट ब्रेक आणि फुल कोर्ट प्रेस अशी नावे रूढ झाली.

ऐकायला सोपे आहे, पण चाळीस मिनिटे असे खेळायला छाती हवी. मॅक्लेंडन पोरांना चेंडू देण्याआधी लांबलांबच्या पल्ल्यांवर पळवत. कोण कुठल्या मार्गाने धावणार, कोण कुठे वळणार, हे सगळे आखलेले असे. बघणाऱ्याला वाटे, पोरे उधळली आहेत. प्रत्यक्षात ती रेघ सोडून जात नसत. धीम्या स्वभावाचा, आवाज न चढवणारा हा माणूस वाऱ्यासारखा खेळणारा संघ घडवत होता. थोड्याच वर्षांत त्यांचा संघ कृष्णवर्णीय कॉलेजांच्या स्पर्धांत अव्वल ठरू लागला. पण गावातल्याच गोऱ्यांच्या संघाशी त्याची गाठ कधीच पडत नसे. कायदाच तसा होता. बसमधल्या जागा वेगळ्या, शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, तसे सामनेही वेगळे.

त्याच गावात ड्यूक हे श्रीमंत, फक्त गोऱ्यांचे विद्यापीठ. महायुद्धाच्या त्या वर्षांत तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संघात ठिकठिकाणच्या कॉलेजांतून नाव कमावून आलेले खेळाडू जमले होते. दोन्हीकडच्या काही विद्यार्थ्यांच्या वायएमसीएच्या बैठकांतून चोरून गाठीभेटी होत. बोलता बोलता विषय निघाला, की भारी संघ कोणता? आणि त्यातून ते आव्हान आले.

वाचकहो, क्षणभर मॅक्लेंडन यांच्या जागी उभे राहून पाहा. वय अठ्ठावीस. बोभाटा झाला तर नोकरी जाणार, ही झाली लहान गोष्ट. आपल्या भरवशावर घर सोडून आलेल्या पोरांच्या जिवावर बेतले तर? तरीही त्यांनी होकार दिला. वेळ ठरली रविवारी सकाळी अकराची, कारण तेव्हा पोलिसांसकट बहुतेक गाव प्रार्थनेसाठी चर्चमध्ये असे. ड्यूकची मुले आडवळणाने मोटारी घेऊन आली आणि अंगातले कोट डोक्यावर ओढून व्यायामशाळेत शिरली. मागून दाराला कुलूप लागले. प्रेक्षक नाहीत. खिडक्यांना नाक लावून चोरून बघणारी कॉलेजातलीच काही मुले तेवढी होती.

सुरुवातीला दोन्हीकडचे हात कापत होते. सोपे पास सुटत होते, नेम चुकत होते. कृष्णवर्णीय मुलांपैकी कित्येकांनी गोऱ्या माणसाला असा खांदा कधी लावलेलाच नव्हता. चुकून धक्का लागला तर काय होईल, ही धास्ती जन्मापासून हाडात मुरलेली. मग हळूहळू खेळ पायांत उतरला. मॅक्लेंडन यांनी आखलेल्या त्या वाटा आपोआप धावू लागल्या आणि ड्यूकच्या मुलांना काय होते आहे ते कळेना. शेवटी गुण होते ८८ विरुद्ध ४४. बरोबर दुप्पट.

मला खरा सामना मात्र त्यानंतरचा वाटतो. थोडी विश्रांती झाल्यावर मुलांनी संघ मोडले आणि मिसळून नवे संघ केले. एका बाजूने सदरे घातलेले, दुसऱ्या बाजूने उघड्या अंगाचे. दोन्हीकडे काळे आणि गोरे सरमिसळ. त्या राज्यात अशी गोष्ट करणे हा गुन्हा होता, आणि ती पोरे हसत, घाम गाळत तो गुन्हा करत होती. खेळ संपल्यावर वसतिगृहात बसून गप्पाही झाल्या. मग पाहुणे आले तसे गुपचूप निघून गेले. एका वार्ताहराला सुगावा लागला होता. त्याने शब्द पाळला आणि एक ओळही छापली नाही.

भीती उगाच नव्हती. त्याच वर्षी जुलै महिन्यात, त्याच डरहॅममध्ये, बुकर स्पाइसली नावाच्या कृष्णवर्णीय सैनिकाला बसमधल्या जागेवरून झालेल्या बोलाचालीनंतर बसच्या चालकाने गोळी घालून मारले. गोऱ्या पंचांनी चालकाला निर्दोष सोडले.

मॅक्लेंडन पुढे चालत राहिले. १९५४ साली ते नॅशव्हिलला, टेनेसीच्या कृष्णवर्णीयांच्या सरकारी कॉलेजात गेले. देशभरच्या छोट्या कॉलेजांची एक संघटना आपल्या स्पर्धा कृष्णवर्णीय कॉलेजांना खुल्या करू लागली होती. स्पर्धेचे गाव होते कॅन्सस सिटी. माझ्या पोरांना इतर संघांप्रमाणेच शहरातल्या हॉटेलात खोल्या मिळणार असतील तरच येतो, ही मॅक्लेंडन यांची अट. खोल्या मिळाल्या. १९५७, १९५८ आणि १९५९, अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. कॉलेज बास्केटबॉलमध्ये असे सलग तीनदा करणारे ते पहिले प्रशिक्षक. त्या संघातला डिक बार्नेट पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजला.

नंतरचा रस्ता सरळ नव्हता. १९६१ मध्ये क्लीव्हलंडच्या एका व्यावसायिक संघाचे ते प्रशिक्षक झाले. मालकाशी खेळाडूंच्या पगारावरून खटका उडाला. खेळाडूंची बाजू घेऊन त्यांनी थोड्याच महिन्यांत राजीनामा दिला. १९६६ मध्ये क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाने त्यांना बोलावले. प्रामुख्याने गोऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाने कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमण्याची ती पहिलीच वेळ. वय एक्कावन्न. संघ कच्चा. इथे मी चमत्काराची वाट पाहत होतो. तो झाला नाही. तीन वर्षांत २७ सामने जिंकले, ४२ हरले. चरित्रे लिहिणारे हा भाग चार ओळींत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. आयुष्यभर जिंकलेल्या माणसाने उतारवयाच्या उंबरठ्यावर हरणारा संघ हाती घ्यावा आणि रोज सकाळी पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकवावे, याला वेगळी छाती लागते. शिवाय, कृष्णवर्णीय प्रशिक्षकालाही इतरांसारखे हरण्याचा आणि तरी नोकरीवर राहण्याचा हक्क असतो, हे त्या तीन वर्षांनी दाखवले.

आता माझ्या खोडीकडे येतो. १९७९ साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मॅक्लेंडन यांचे नाव लागले. नेस्मिथ यांच्याच नावाची ती संस्था. पण ते लागले खेळाला हातभार लावणारे म्हणून, प्रशिक्षक म्हणून नव्हे! तीन राष्ट्रीय विजेतेपदांचा माणूस प्रशिक्षकांच्या यादीत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रक्कम जमा झाली, पण भलत्याच खात्यावर. ती चूक दुरुस्त व्हायला सदतीस वर्षे लागली. २०१६ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांची नोंद झाली. ते ८ ऑक्टोबर १९९९ रोजीच गेले होते. टेनेसीच्या त्या तीन वर्षांच्या संघांना तोच मान मिळाला २०१९ मध्ये. म्हाताऱ्या बार्नेटनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली होती. आणि तो गुप्त सामना? १९९६ साली एका इतिहासकाराने तो उजेडात आणला. बावन्न वर्षांनी. मॅक्लेंडन तेव्हा हयात होते, एवढेच समाधान.

हे वाचताना मला माझ्या शाखेतले दफ्तरी आठवत राहिले. कुठले व्हाउचर कुठल्या गठ्ठ्यात चुकून गेले असेल, हे त्यांना न बघता कळे. नवे अधिकारी ताळेबंद शिकले ते त्यांच्या शेजारी उभे राहून, मीही त्यातलाच. एका वर्षी शाखेला उत्तम कामाचे बक्षीस मिळाले. प्रशस्तिपत्रासाठी कर्मचाऱ्यांची नावे कळवायची होती. त्यांचे नाव त्या यादीत नव्हते. ती यादी मीच केली होती. मुद्दाम वगळले, असेही नाही. आठवलेच नाहीत. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा त्यांनी माझ्या टेबलावर गठ्ठा आणून ठेवला.

त्यांचे नाव निदान या लेखात तरी लिहावे, असे फार वाटले. पण घरच्यांना न विचारता कसे लिहायचे? ते जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा कुठे राहतो ते परवा शोधून काढले आहे. येत्या रविवारी नातीचा सामना सकाळी आहे. तो झाला की तिला घेऊन तसाच त्यांच्याकडे जाणार आहे.